डावं मडगार्ड

औषधांच्या दुकानाचा मालक भर दुपारी दुकान वाऱ्यावर टाकून धापा टाकत आला, तेव्हाच प्रकरण साधं नाही हे भावोजींनी ताडलं.

भावोजी म्हणजे खासगी तपासनीस. सगळी बाजारपेठ त्यांना भावोजीच म्हणायची, कारण त्यांचा मेहुणा कायम त्यांच्या मागे असायचा आणि दर दोन वाक्यांना ‘भावोजी’ म्हणायचा. मेहुणा मनाने सोनं होता, डोक्याने जरा निवांत.

“माझ्या ट्रॅक्टरचं मडगार्ड चोरीला गेलं,” औषधवाला म्हणाला. “डावं.”

मेहुण्याने हसू खोकल्यात घातलं.

“हसा, सगळेच हसताहेत. बागेत चालवायचा छोटा ट्रॅक्टर आहे, चाळीस वर्षांचा. माझ्या वडिलांचा. मी शाळेत असताना त्यांनी तो विकला. गेल्या वर्षी ते गेले, आणि तेव्हापासून मी वेड्यासारखा तो शोधत होतो. सापडला, घेतला, मिस्त्रीकडे दुरुस्तीला टाकला. वडिलांनी जीव लावलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही हो. तो मला होता तसा, पुरा हवा. असलं मडगार्ड आता कुठेच मिळत नाही.”

“विकला का होता?”

“गुडघे गेलेत म्हणायचे.”

“घरी आणखी कोण?”

“कोणी नाही. आई मी लहान असतानाच गेली. मोठी बहीण आहे, पण वीस वर्षं येणंजाणं बंद. स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून वडिलांनी तिचं नाव टाकलं. इथेच शिलाई मशीन दुरुस्त करते.” तो घाईने उठला. “तिचं जाऊ द्या. मडगार्डचं बघा.”

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर एका कुशीवर कलल्यासारखा केविलवाणा दिसत होता. शेजारच्या फळीवर नवी बॅटरी आणि खोक्यातला कार्ब्युरेटर जसेच्या तसे. भिंतीवर खडूने कामांची यादी: सेल्फ स्टार्टर, नवी गादी, दोन्ही मडगार्ड नवी.

“मडगार्ड नवी?” भावोजींनी विचारलं.

“ते परवा फोनवर रद्द झालं. जुनीच ठेवायची म्हणाले. पुसायचं राहिलं.” मिस्त्री बोलता बोलता इंजिनाचं झाकण खोलत होता. निघालेला प्रत्येक बोल्ट तो रॉकेलच्या डब्यात भिरकावत होता, ठण्ण. “काल दुपारी जेवायला गेलो, आलो तर हे. दार उघडंच असतं. माझं भंगार कोण नेणार?”

मडगार्ड जिथे होतं तिथे चार भोकं होती, आणि चारही भोकांत चार गंजके बोल्ट. भावोजींनी एक बोटाने फिरवला. दोन आट्यांत तो हातात आला. त्यावर ताजं तेल होतं.

“बोल्ट तुम्ही लावले?”

“मी? रिकाम्या भोकात बोल्ट कशाला लावू?”

“चोर भलताच नीटनेटका दिसतो, भावोजी,” मेहुणा म्हणाला.

“मेहुणे, आज तुम्ही लाख बोललात.”

मेहुणा खूश झाला. का, ते त्याला कळलं नाही.

औषधवाल्याला ट्रॅक्टर विकणारा रोपवाटिकावाला मात्र फणकारला. “वीस वर्षं राबवला तो. परत हवा असता तर अख्खा नेला असता, एक पत्रा कशाला?” त्याच्या हातगाडीचं चाक तारेने बांधलेलं होतं, फाटकाची कडी तारेने, चष्म्याची काडीसुद्धा तारेने. “बोल्ट पडला की तार. बोल्ट शोधत कोण बसतो?”

“त्या मडगार्डात काही विशेष?”

“डाव्याला एक लोखंडी मूठ वेल्ड केलेली. इवलीशी, माझी चार बोटंही जायची नाहीत. मी पाण्याचा पाइप अडकवायचो.”

“औषधवाल्याच्या वडिलांनी दिला तेव्हा ट्रॅक्टर चालू होता?”

“टकाटक. स्वतः चालवत आले, टुणकन उतरले, किल्ली हातात दिली. म्हणाले, हा डोळ्यांसमोर नको.”

शेवटी बहिणीचं दुकान. चाळिशीची, कपाळावर बॅटरी बांधलेली बाई एका मशीनवर वाकली होती. “ट्रॅक्टरशी माझा काय संबंध? त्या घराची मी कोणी नाही.” तिने स्क्रू काढला, पट्टी बाजूला केली आणि स्क्रू पुन्हा त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवला. मग दुसरा, तोही तसाच. मान वर न करता तिने विचारलं, “चालू झाला का तो?”

“अजून नाही,” भावोजी म्हणाले.

बाहेर आल्यावर मेहुणा हळहळला. “बिचारी. हिला उगाच त्रास दिला, भावोजी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी औषधवाल्याला घेऊन त्याच दुकानात आले. तो पायरीवरच घुटमळला. भावंडं एकमेकांकडे बघेनात.

“चोराला पैशाची हाव नव्हती,” भावोजी म्हणाले. “बॅटरी सोडून त्याने पत्रा नेला. तोही न कापता, तेल घालून, सावकाश. आणि बोल्ट आपापल्या भोकांत परत ठेवले. मिस्त्री ते डब्यात टाकतो, रोपवाटिकावाला तार बांधतो. हे मालक तर पाना धरत नाहीत. या गावात काढलेला स्क्रू त्याच्याच घरात ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं. कोणी शिकवलं, ताई?”

“बाबांनी,” ती म्हणाली. आणि आतून गोणपाटात गुंडाळलेलं मडगार्ड घेऊन आली.

“मागितलं असतंस तर...” औषधवाला बोलला आणि थांबला.

“कोणाकडे? गॅरेजवरून जाताना ट्रॅक्टर ओळखला. भिंतीवर वाचलं, मडगार्ड नवी. म्हटलं भंगारात जाणार, त्याआधी आपण न्यावं.”

“पण डावंच का?” मेहुण्याने विचारलं.

“कारण त्या मुठीत लहान पोरीचाच हात मावतो,” भावोजी म्हणाले. “मडगार्डवर बसलेली लेक पडू नये म्हणून बापाने ती वेल्ड केली. हे असं नाव टाकणारे लोक फार ताठ असतात हो, पण त्यांनाही सोसत नाही. गुडघे त्यांचे धडधाकट होते. लेक गेली त्याच वर्षी त्यांनी चालू ट्रॅक्टर देऊन टाकला. डावीकडे बघवत नव्हतं त्यांना.”

ताई मटकन स्टुलावर बसली. “मग एकदा बोलवायचं होतं ना मला. वीस वर्षं मी या गावातच होते.”

औषधवाला पायरी चढून आत आला.

“शेवटी शेवटी त्यांनी कॉट पुढच्या खोलीत घ्यायला लावली,” तो म्हणाला. “दाराकडे तोंड करून पडून असायचे. मी दार लावायला गेलो की नको म्हणायचे. मला वाटायचं, वारा हवा असेल. ताई, मला एकदाही सुचलं नाही गं.”

ती रडत होती, आणि तोही. मेहुणा उगाच मशीनचं चाक फिरवत राहिला. भावोजींनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

“कॉट तिथेच आहे अजून?” आतून ताईचा आवाज आला.

“तिथेच. हलवायला हात धजत नाही.”

तिने कपाळावरची बॅटरी सोडून ठेवली आणि भावामागे बाहेर येऊन दुकानाचं शटर ओढून घेतलं. “मला घटकाभर बसू दे तिथे,” ती म्हणाली.