कुशीवर गोठलेला बर्फ

दामोदरनने दुसरं खोकं फोडलं, नाकाशी नेलं आणि कंटेनरचं दार लोटून दिलं.

"हा माल एकदा वितळलाय," तो म्हणाला. "पुन्हा गोठवून माझ्या गळ्यात मारताय."

कंटेनर स्पेनला निघालेला, आत गोठवलेली कोळंबी, आणि दामोदरन तिथल्या गिऱ्हाइकाचा कोचीतला माणूस. त्याची सही मिळून कंटेनर संध्याकाळपर्यंत बंदरात पोचला नाही, तर बोट त्याची वाट बघत थांबणार नव्हती. कारखान्याचे मालक कोशी, ज्यांना सगळं अरूर गाव मुदलाळी, म्हणजे मालक, म्हणतं, त्यांनी माल तपासणाऱ्या सर्व्हेअर ट्रीसाला फोन लावला. मग माल भरून घेणारी मुकादम जसिंता हिला सांगितलं, चूक तुझी निघाली तर उद्यापासून येऊ नकोस, आणि स्पेनही विसर.

पुढच्या महिन्यात मुदलाळी तिला गिऱ्हाइकाचा कारखाना दाखवायला नेणार होते. तिचा व्हिसा आला त्या दिवसापासून सोलणीच्या शेडमध्ये कोळंबीपेक्षा जसिंताच जास्त सोलली जात होती.

ट्रीसा आली तेव्हा जसिंता धक्क्यावर हाताची घडी घालून उभी होती. डोळे लाल, पण आवाज खणखणीत. ट्रीसाला ती एकदम आवडली आणि तितकीच खुपलीही. आपल्या हाताखाली शिकलेला पोरगा सिंगापूरच्या बोटी तपासतो आणि आपल्याला मंगळुरूच्या पुढे कुणी धाडत नाही, हे ट्रीसाला रोज टोचायचं. मत्सर म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"माल घेताना तपासला होतास?" तिने विचारलं.

"प्रत्येक थरात थर्मामीटर खुपसून. सगळा दगडासारखा होता, मॅडम."

"दारातली रांग कुठल्या गाडीची?"

"शेवटच्या. चेल्लानमच्या शेडमधून गोठवून आलेला माल. तिरुनाळच्या, चर्चच्या जत्रेच्या सुट्टीत इथे उतरवून घ्यायला माणूस नव्हता, म्हणून गाडी भरलेलीच आमच्या घराच्या दारात उभी होती. माझा नवराच ती चालवतो."

"आणि तू?"

"मी माहेरी होते. गाडी राखायला तो घरी थांबला."

सगळ्यांना वाटलं, सापडलं. गाडीचं गारवा राखणारं मशीन बंद पडलं असणार. ट्रीसाने त्या गाडीतली आणखी खोकी काढून कापायला लावली. दारातली मोजकी सोडली तर सगळी कोळंबी ठणठणीत निघाली. मशीन बंद पडलं असतं तर पूर्ण गाडी नासली असती. थोडीच खोकी, तीही नेमकी दारात, जिथे तपासणारा पहिला हात घालतो. हे मशीनचं काम नव्हतं, माणसाचं होतं.

शेडमधली शोशम्मा आपणहून पुढे आली. जसिंताच्या आधी मुकादमी तिच्याकडे होती आणि धक्क्याची एक किल्ली अजून तिच्याच कमरेला होती.

"माझ्यावर संशय आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," ट्रीसा म्हणाली. "तिच्यावर जळतेस असं ऐकलं."

"जळते. का जळू नये? मी शिकवलं आणि विमानात ती बसणार. पण मला तिचं वाईट करायचं असतं तर मी तोंडाने केलं असतं, आणि ते मी रोज करते." शोशम्माने पदर खोचला. "नशीबवान आहे पोरगी. नवऱ्याचं आइस्क्रीमचं दुकान वितळलं, तर हिने घर सावरलं. आणि तो बिचारा गाडी पुसत तिचे लाडू वाटतो."

ट्रीसाला तिचा राग आला नाही. जे जळणं इतकं उघडं असतं त्याची तिला भीती वाटत नसे.

मग तिने गाडीवाल्याला बोलावलं. उंच, देखणा, शर्टाला इस्त्री. जसिंताचा नवरा, अशीच सगळ्यांनी ओळख करून दिली.

"सुट्टीत गाडीचं मशीन चालू होतं?"

"अखंड. शेजारी घरघरीने वैतागले, त्यांना विचारा."

"गाडीची किल्ली?"

"माझ्याच खिशात. पण माझ्या बायकोला यात गोवू नका, मॅडम. तिच्या जाण्याचा माझ्याइतका आनंद कुणालाही नाही. लाडू मीच वाटले."

त्याच्या आनंदाबद्दल ट्रीसाने काहीच विचारलं नव्हतं.

शेवटी तिने दारातलं एक नासकं खोकं सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. खोकी कारखान्यात पसरट ठेवतात, गाडीत पसरट, कंटेनरमध्येही पसरटच. पाठीवर झोपलेल्या माणसांसारखी, एकावर एक. तिने पुठ्ठा फाडला. आतला बर्फ तळाशी नव्हता. तो सगळा एका अरुंद बाजूला चिकटून होता आणि दुसरी बाजू पोकळ. तिने त्या अरुंद बाजूचा पुठ्ठा उजेडाकडे धरला. भिजून मऊ झाला असताना त्यावर तारेच्या जाळीचे चौकोन उमटले होते.

जसिंता वाकून बघत होती. ती हळूच सरळ झाली. सकाळपासून भांडणारी ती बाई एकाएकी गप्प झाली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "खोकी धक्क्यावर उन्हात राहिली. विसरले मी. मला काढून टाका, मुदलाळी."

मुदलाळींनी कपाळाला हात लावला.

"उन्हात कशी ठेवली होतीस?" ट्रीसाने शांतपणे विचारलं. "पसरट की उभी?"

जसिंताने टेबलावरचं खोकं आपल्याकडे ओढलं.

"खोटं बोलायची सवय नाही तुला," ट्रीसा म्हणाली. "मुदलाळी, पाणी आपली पातळी सोडत नाही. ही खोकी वितळली आणि पुन्हा गोठली, तेव्हा ती कुशीवर उभी होती. म्हणजे कंटेनरमध्ये नाही, गाडीतही नाही. खोकी उभी कधी ठेवतात? पसरट मावत नाहीत तेव्हा. तुमच्याकडे एवढी चिंचोळी जागा कुठेच नाही. आणि जाळी? इथे सगळे प्लास्टिकचे क्रेट. तारेची टोपली असते आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये."

कुणीतरी खोकलं. ट्रीसाने गाडीवाल्याकडे बघितलं नाही. जसिंताकडे बघत ती बोलत राहिली.

"दुकान बंद झालं, फ्रीजर घरात राहिला. सुट्टीत भरलेली गाडी दारात, किल्ली खिशात, बायको माहेरी. थोडी खोकी काढली, उन्हात वितळवली, फ्रीजरमध्ये उभी करून गोठवली आणि गाडीत सगळ्यात आत परत ठेवली, म्हणजे ती शेवटी उतरून कंटेनरच्या दारात येतील. थर्मामीटरला थंडी कळते, आधी काय झालं ते कळत नाही. म्हणून हिला दोष द्यायचा नाही. शोशम्माकडे धक्क्याची किल्ली आहे, पण गाडीची नाही. आणि जाळी बघून जसिंता का गप्प झाली? तिने ती ओळखली. ती जाळी ती रोज घरी पुसते."

"तिने काही सांगितलेलं नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"नाही सांगितलं. तुझ्यासाठी नोकरी सोडायला निघाली होती."

तो हसला, पण ते हसणं बघवेना. "बघा, इथेही तीच मोठी."

"का केलंस?" मुदलाळींनी विचारलं.

"माझं दुकान होतं तेव्हा किनाऱ्यावरची पोरं मला हाका मारायची, नावाने. आता चर्चमध्ये गेलो तरी फादर विचारतात, जसिंताचं कधी निघायचं? रात्री ती जेवताना स्पेनचं बोलते, आणि मी वाढतो. मला तिची नोकरी घालवायची नव्हती हो. तिने फक्त इथेच राहावं. माझ्याएवढं राहावं."

जसिंताने त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ ती त्याला झाकत होती, ते आता संपलं.

"मला विचारलं असतंस तर राहिले असते," ती म्हणाली. "तू कोळंबी नासवलीस. जी सोलत मी इथवर आले."

दामोदरन खाली बघत म्हणाला, दारातली रांग बदला, मी पुन्हा तपासतो, बाकीचा माल चांगला असेल तर सही करतो. मुदलाळींनी पोलिसांत द्यायचा अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि अडखळले. त्यांच्याकडे वर्षभर गाडी चालवणाऱ्या माणसाकडे त्यांनी मान वर करून बघितलं.

"तुझं नाव काय रे?"

त्याने शर्टाची इस्त्री हाताने सारखी केली. त्याचा चेहरा पांढरा पडला. ट्रीसाला त्या क्षणी त्याची कीव आली आणि आपल्याला ती यावी याचा रागही आला.

जसिंता हातमोजे चढवत धक्क्याकडे निघाली होती. ती दारात थांबली.

"ऑगस्टीन," ती म्हणाली. "एवढंच लिहा, मुदलाळी. जसिंताचा नवरा असं लिहू नका."