चुकलेला राइट

"मॅडम, इथं कोरियन येतं म्हणं?"

झेरॉक्स मशीनमागून मी मान वर केली. समोर ठिणग्यांचे बारीक डाग पडलेला शर्ट, आणि वर... जाऊ दे, डोळे भलतेच हसरे होते.

'कोरियन शिकवले जाईल' हा बोर्ड मीच दुकानावर लावला होता. माझं सगळं कोरियन मालिका बघून आलेलं, पण आमच्या मुरूम गावात कोण तपासणार होतं!

तो कुमार राइट, माकणीचा वेल्डर. कोरियात जहाजाच्या कारखान्यात नोकरी मिळत होती, अर्जात आडनाव कोरियन अक्षरांत हवं होतं.

"राइट? असलं कसलं आडनाव?"

"पणजोबाला मिशनच्या डॉक्टरनं दिल्यालं. आवडलं न्हाय व्हय?"

"आडनाव बरं हाय," मी म्हणाले.

"निस्तं आडनावच?"

मी घाईघाईनं पेन उचललं. इंग्रजी स्पेलिंग बघून ऐटीत प्रत्येक अक्षराला कोरियन अक्षर लावलं – डब्ल्यू, आर, आय, जी... एकही सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा हसत नव्हता.

"मुलाखतीत त्या बाई उरिगुथु, उरिगुथु म्हणून हाका मारत हुत्या. माझंच नाव हाय, हे मला कळंना! पासपोर्टशी नाव जुळंना म्हणून अर्ज दुरुस्त करून परत मागितलाय. आज शेवटचा दिवस."

माझे कान तापले. कोरियनमध्ये उच्चार लिहितात, स्पेलिंग नाही. हे मला माहीत असायला हवं होतं.

"मला कोरियन येत न्हाय," मी म्हणाले. मान वर होईना. "निस्त्या मालिका बघते. बोर्ड खोटा हाय... माझ्यापायी तुमची नोकरी—"

"रडू नका. आता कसं करायचं, सांगा."

मी फोनवर कोरियन अक्षरं उघडली. "आडनाव म्हणा. सावकाश."

"राइट."

"परत."

"राइट."

त्याच्या ओठांकडं बघत मी तीन अक्षरं लावली: रा, ई, थ. फोनमधल्या आवाजानं ती वाचली. अगदी त्याच्यासारखीच! अर्ज गेला. माझी मान मात्र खालीच.

"एक राहिलं," तो हळूच म्हणाला. "तुमच्या चुकीला मुलाखतीतल्या बाई लई हसल्या. उरिगुथुतलं उरी म्हंजे आमचा, म्हणं. इचारत हुत्या, आमचा म्हंजे कुणाचा? काय सांगू?"

एवढं कोरियन मात्र मला खरंच येत होतं. मालिकांत शंभरदा ऐकलं होतं.

"तिकडं..." मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तिकडं माझा म्हणायचं असलं, तरी आमचाच म्हणत्यात."

"मंग?"

"मंग तेच... माझा."