होडीतल्या फ्रिजला दम लागला तेव्हा

तुमचे आजोबा मला पहिल्यांदा दिसले ते अर्धेच. डोकं बाकाखालच्या कपाटात आणि पाय बाहेर!

बाबांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथली मिस्त्री. धक्क्यावरचं एक काम आटपून निघाले होते, तोच एका इवल्याशा शिडाच्या होडीतून आवाज आला, "अहो, कुणी आहे का? अडकलोय!"

पाय धरून ओढलं. स्वारी घामाघूम, नाकाला ग्रीस, आणि डोळे असे हसरे... माझ्या हातातला पाना थेट पाण्यात!

"फ्रिज बसवतोय, पण गारच होत नाही. झाला की निघालो लांबच्या सफरीला. एकटाच."

मी आत हात घातला. अंडं ठेवलं असतं तर उकडून, सोलूनच बाहेर आलं असतं!

"अहो कप्तान, लाकडी पेटीत कोंडलंय तुम्ही याला. मागची गरम हवा जाणार कुठून? श्वास नको घ्यायला?"

"माझाही अडकलाय... तुम्ही आल्यापासून."

"बाजूला सरका. करवत द्या."

खाली एक झरोका पाडला, गार हवा आत यायला. वर एक, गरम हवा बाहेर जायला. तिथंच छोटा पंखा लावला. संध्याकाळपर्यंत बर्फ झाला आणि मी मनात म्हटलं – आता हा जाणार!

दुसऱ्या दिवशी स्वारी दुकानात हजर. "मिस्त्रीबाई, पुन्हा तापला." खालच्या झरोक्यात फडकं अडकलं होतं. म्हटलं, होतं असं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच! बाबा म्हणाले, "पोरी, बिघडलंय काय, फ्रिज की गिऱ्हाईक?"

मी कप्तानाला चहा करायला पिटाळलं आणि वरच्या झरोक्यात हात घातला. आत गच्च कोंबलेला लोकरीचा मोजा!

तो चहा घेऊन आला, तर मोजा माझ्या बोटावर लटकलेला.

"हा... इथे कसा?"

"चालत आला असेल."

त्याचे कान लाल. "फ्रिज चालला असता तर... निघावं लागलं असतं. आणि तुमच्याशिवाय आता निघवत नाही."

पाणी होडीला हळूच थोपटत होतं. मी मोजा खिशात टाकला.

"त्या दुसऱ्या बाकावरचे दोर उचला, कप्तान."

"का?"

"वाटेत फ्रिज तापला तर मिस्त्री कुठून आणाल? पण आधी दुकानात चला, बाबांना विचारा!"

सगळा चहा सांडला!

मग त्या सफरीत फ्रिज असा गारठला म्हणून सांगू, एकदा दार उघडलं तर आतून पांढरं अस्वल म्हणालं, "दार लावा हो, थंडी वाजतेय!" खोटं वाटतं? विचारा आजोबांना. ते अजून एकाच पायात मोजा घालून फिरतात. दुसरा मी परत दिलेलाच नाही... न जाणो, पुन्हा कुणा मिस्त्रीबाईला बोलवायचं मनात आलं तर!