मेन पाडला का?

"अहो... तारेला हात लावू नका!"

प्राची रस्त्यातूनच ओरडली. सतीश आपल्या घराच्या पत्र्यापाशी, लोखंडी शिडीच्या टोकाला, दातांत वायर धरून उभा होता. शिरूरातली एप्रिलची दुपार. जयंती दोन दिवसांवर आलेली, आणि लोडशेडिंगमुळे सगळी वस्ती पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली.

"मला म्हणालात?" त्यानं दातांतली वायर काढली.

"दुसरं कोण मरायला चढलंय? मेन पाडला का?"

"लाईटच न्हाई, तर मेन कशाला पाडायचा? सहाशिवाय येत न्हाई. टाईमटेबल हाय की!"

त्या वर्षांत शिरूर-दौंडकडची निम्मी माणसं याच भरवशावर वायरी सोलायची. प्राचीनं वाद घातला नाही. ती सरळ घरात शिरली, सतीशच्या आईला, पार्वतीबाईंना, "जयभीम मावशी" म्हणाली आणि मेन स्विचचा दांडा खटकन खाली ओढला. ती बाहेर येते न येते तोच शेजारचा पंखा गरगरला, कुणाचा तरी टीव्ही बोंबलला. साडेतीनलाच लाईट आली होती!

सतीश हातातल्या उघड्या तारेकडे बघत राहिला. मग हिच्याकडे.

"तुम्ही... कोण म्हणायच्या?"

"आयटीआय पास वायरमन. चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात असते."

"मग वायरवुमन म्हणायला पाहिजे."

"आधी उतरा, मग बारसं करा. आन् बांबूची शिडी आणा, ही लोखंडाची बाजूला ठेवा."

त्या दुपारी जयंतीच्या दिव्यांच्या माळा तिनंच लावल्या. टेस्टर लावून खात्री केली, प्रत्येक जोड टेपनं गुंडाळला, पत्र्याला वायर टेकू दिली नाही, लाकडी वाशाला सुतळीनं बांधली. सतीश खालून टेप देत होता. देता देता बोटाला बोट लागलं.

"करंट आला..." तो पुटपुटला.

"मेन बंद हाय," ती म्हणाली. पण तिचे कान तापले होते, आणि ते काही उन्हानं नव्हते.

मग पुढचे दहा महिने सतीशच्या घरातले होल्डर बिघडत राहिले. सणसवाडीच्या कंपनीतून सुटला की स्वारी दुकानात हजर.

"तुमच्या घरात खोल्या किती?" एकदा प्राचीनं विचारलं.

"दोन."

"आतापर्यंत अकरा होल्डर नेलेत."

"उजेड आवडतो मला," तो म्हणाला आणि तिच्याकडे असा बघत उभा राहिला की तिनं सुटे पैसे दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले.

फेब्रुवारीत पार्वतीबाई मागणी घालायला आल्या. प्राचीच्या वडिलांना, साहेबरावांना म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. फक्त लग्न झालं की शिडी बंद. सून पत्र्यावर आन् सगळी वस्ती खाली तोंड वर करून उभी... मला चालायचं न्हाई."

साहेबराव मान डोलवायला लागले. प्राची उठली. "मग मलाबी चालायचं न्हाई."

सतीश तिथंच बसला होता. पायाच्या अंगठ्याकडं बघत. एक शब्द बोलला नाही! आईचा राग येण्याजोगा होता, पण प्राचीच्या जिव्हारी लागली ती याची गप्प बसण्याची तऱ्हा. दोन महिने तिनं त्याला दुकानाच्या पायरीवर चढू दिलं नाही. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडली, हेही खरं.

जयंती आली. मंडळानं यंदा अख्ख्या गल्लीचं लायटिंग प्राचीकडं दिलं. सहा घरं झाली, सातवं पार्वतीबाईंचं.

"आमच्या घरावर सतीश लावंल," त्या दारातच आडव्या आल्या.

"मावशी, गल्लीचं काम माझंय, आन् हे घर गल्लीत येतं." तिनं मेन पाडून घेतला, वायरमनच्या तोऱ्यात ओढणी कंबरेला खोचली आणि बांबूच्या शिडीवर चढली. व्हायचं तेच झालं. वस्ती तोंड वर करून उभी राहिली. त्यात कंपनीच्या कपड्यांतच आलेला सतीशही होता.

प्राचीनं वरूनच सतीशकडं बघितलं. आत्ता बोलले आणि हा पुन्हा गप्प बसला तर या गल्लीत तोंड दाखवायची सोय उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बोलली, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल अशी बोलली.

"सतीश, मला तुम्ही आवडता. लई आवडता. पण हे काम मी सोडणार न्हाई... लग्नाआधी न्हाई, नंतर न्हाई. काय ते आत्ता बोला. गप्पच बसायचं असंल तर घरात जा."

सतीशनं आईकडं बघितलं. मग मान वर केली.

"चुकलो त्या दिवशी," तो म्हणाला. "आई, मला हीच पाहिजे. हिच्या शिडीसकट."

"आन् लोक बघत्यात त्याचं काय?"

"बघू दे की. बघायलाच लावतोय माळा!"

गल्ली खदखदून हसली. पार्वतीबाई फणकाऱ्यानं आत गेल्या. प्राचीचे डोळे भरून आले, पण घाई तिनं केली नाही. उरलेले तीन जोड नीट बांधले, मगच उतरली. उतरल्यावर सगळ्यांसमोर सतीशचा हात धरला.

"लोक..." तो लाजला.

"आत्ताच काय म्हणालात?"

त्याला ओढतच ती उंबरा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत गेली. "मावशी, राग धरा. पण मी आलेय."

पार्वतीबाई स्टोव्हपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"मला पटलेलं न्हाई अजून," त्या म्हणाल्या, आणि तीन कप पुढं सरकवले. "हात धू आधी. चहा गाळलाय."