उशीला ऐकू येणारं गाणं

तळघरात चार स्पीकर होते. रेकॉर्ड फिरवायची दोन यंत्रं, त्यांच्यामध्ये आवाज मिसळायचा एक मिक्सर, भिंतीला पंधरा खण आणि प्रत्येक खणात साधारण चाळीस रेकॉर्डी. रस्त्याच्या पातळीवर एक अरुंद खिडकी. आणि डाव्या स्पीकरमागून बाहेर आलेले दोन पाय. तिचं मोजून होईपर्यंत ते पाय हलले नाहीत.

"जिवंत आहात ना?" तिने विचारलं.

"वायर लागली तर सांगतो. कोण तुम्ही?"

"गोंगाटाच्या तक्रारी तपासणाऱ्या कचेरीतून आलेय."

पाय आत गेले, दुसऱ्या बाजूने डोकं निघालं. केसांत जळमटं, दातांत स्क्रू. "मग मेलोच म्हणायचं."

ती हसली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच नोकरीला लागली होती. चेहरा कोरा ठेवायचा, हे तिथे पहिल्याच दिवशी बजावलं होतं... आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

तक्रार वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांची होती. त्या रात्रपाळी करून दुपारी झोपायच्या, आणि खाली दर रविवारी दुपारी नाच. "कानाला नाही गं ऐकू येत," त्या म्हणाल्या होत्या, "उशीला ऐकू येतं."

रीतसर मापन महिन्याने होतं. पुढच्या रविवारी ती आवाज मोजायचा मीटर न घेताच आली.

"मीटरबाई! आज हात रिकामे?"

"आज सुट्टी आहे. हे सगळं एकसारखंच का वाजतं, ते विचारायला आले."

"एकसारखं?" त्याने छातीवर हात ठेवला. "मामाने ऐकलं असतं तर तुला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं." रेकॉर्डी त्याच्या मामाच्या होत्या. "हे ज्यांनी केलं ना, त्यांना चांगल्या क्लबांच्या दारात कोणी उभं करत नव्हतं. मग ते जुन्या गोदामात नाचले. गोदाम म्हणजे वेअरहाऊस, त्यावरूनच या संगीताला हाऊस हे नाव पडलं म्हणतात. आणि टेक्नो हा याचाच भाऊ, तिकडच्याच मोटारींच्या शहरातला. कारखाने ओस पडत होते, पोरं घरात बसून यंत्रं बडवत होती. हा चिरका आवाज ऐक... बास गिटारची नक्कल करायला बनवलेलं यंत्र. धड नक्कल जमेना, म्हणून पडत्या भावात विकलं गेलं. नापास यंत्र! त्यातून हे निघालं."

"पण चाळीस वर्षांपूर्वीचं ना? आज कोणाला हवंय?"

त्याने हनुवटीने दाखवलं. पार्सलं पोचवणारे दोघे, एक शिवणकामवाली, सोमवारी पहाटे फरशा पुसायला जाणारी एक बाई. डोळे मिटून नाचत होते.

"आठवडाभर यांना सगळे घाई करायला सांगतात," तो म्हणाला. "इथे कोणी सांगत नाही."

मग त्याने हेडफोनचा एक कान तिच्या कानाला लावला. "बाहेर एक गाणं, आत दुसरं. दोन्हींचे ठोके एकावर एक बसव. पुढे पळतंय? कडेला बोट टेकव... दाबू नकोस, नुसतं टेकव."

रेकॉर्ड बोटाखालून सरकत होती. त्याचं बोट तिच्या बोटाशेजारी आलं. ठोके जुळले, आणि तरी दोघांनी बोटं उचलली नाहीत.

भाव खायला तीही शिकवू लागली. "मीटरला दोन कान असतात, ए आणि सी अशी दोन बटणं. ए हा माणसासारखा, खालचे जाड आवाज फारसे धरत नाही. सी सगळं धरतो. संगीताला सीच लावायचा असतो, पण आमच्याकडची जुनी मंडळी सरसकट ए लावून मोकळी होतात."

"हो का?" तो म्हणाला. आणि विषय बदलला.

मापनाच्या दुपारी तो जिन्यातच भेटला. "ऐक ना... ए लाव. कोणाला कळणार आहे? ए वर आपण पास होतो."

तिच्या हातातली मीटरची पेटी अचानक जड झाली. "मी मीटरवाली नसते, तर मला हेडफोन दिला असतास?"

तो एक पायरी खाली उतरला. "पहिल्या रविवारी... नसता दिला. नंतर दिला असता. नंतरचं खरं आहे गं."

"नंतरचं मला कसं मोजता येईल?"

सिस्टरांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. तिने उशीला कान लावला. खालून नापास यंत्राचं चिरकणं ऐकू येत नव्हतं. एवढं वर फक्त ठोके पोचत होते. एकदोनदा अडखळले, मग जुळले. तो तिने जुळवलेलीच दोन गाणी वाजवत होता.

तिने सी दाबला. मर्यादा पन्नास डेसिबल, आकडा अठ्ठावन्न.

नाच बंद करायची नोटीस गेली, आणि पंधरवड्यात तळघर रिकामं झालं. शेवटच्या खणातल्या रेकॉर्डी खोक्यात भरताना तो म्हणाला, "ए दाबला असतास तर मी जन्मभर उपकार मानले असते."

"म्हणूनच नाही दाबला."

त्याने खोका खांद्यावर घेतला आणि जिना चढून गेला. पाय दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली.

फेरतपासणीला तीच आली. सिस्टरांनी चहा पुढे केला. "झोप लागते आता. पण तुझा चेहरा का गं असा?"

"जागरण झालं."

तिने मीटर उशीशेजारी ठेवला, श्वास रोखला आणि दोन्ही कान लावले. ए, चोवीस. सी, एकेचाळीस. खालचं तळघर रिकामं होतं, तरी सी अजून काहीतरी धरत होता.