माहेरचं नाव

बसमध्ये एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर गोधडी पांघरून कुणीतरी गाढ झोपलं होतं.

"पोराले मांडीवर घ्या ना जरा," मी म्हटलं. "मले बसायचं आहे."

खिडकीशी बसलेल्या तरुणाने वर पाहिलं. डोक्याला मफलर, डोळ्यांत झोप, आणि एक हात त्या गोधडीवर असा ठेवलेला की जणू बाळ दचकून उठेल.

"पोरगं नाही हे..." तो हळूच म्हणाला. "कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरले थंडी वाजते का?"

"थंडी नाही, हादरे लागतात. अन् फुकट नाही आणून राह्यलो. कंडक्टरनं याचं अर्धं टिकिट लावलं."

"मग तर झालंच," मी म्हटलं. "अर्ध्या टिकिटवाल्याले मांडीवरच घ्यावं लागते."

मागच्या बाकावरची माणसं हसली. तो लाजला आणि ते अवजड गाठोडं मांडीवर घेऊन बसला. मी ऐटीत शेजारी टेकले. माझी जीभ अशीच आहे, आई म्हणायची की हिला सासरी जाताना जीभ माहेरी ठेवायला सांगा.

पंच्याण्णव सालचा तो थंडीचा महिना. आंध्रातल्या आमच्या आदिलाबादच्या रस्त्याला कापसाच्या गाड्याच गाड्या, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. इच्चोड्यानंतर रस्त्याने खड्डे दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी गाठोडं आवळून धरी. मफलर घसरून त्याच्या डोळ्यांवर आला, पण तो वर करायला त्याच्याकडे तिसरा हात नव्हता. मी थोडा वेळ पाहिलं... मग बोटाने मफलर वर सरकवला. केला खरा आगाऊपणा, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. माझे कान तापले होते.

बोथ गावाच्या थांब्यावर गाडी निम्मी रिकामी झाली. मागची जागा मोकळी झाली, पण मी उठले नाही. त्यानेही उठा म्हटलं नाही.

आमच्या गावी उतरल्यावर कळलं की तो आमच्याच मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, निघालाय. मी तिथे हंगामी कारकून होते. वडील पांडुरंगराव भाजीचा मळा करायचे, बाजार करायचे, आणि मुलगी शिकली तर निदान सावलीत बसेल म्हणून त्यांनी मला इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, शिकवलं होतं. त्याचं नाव महिपत. भीमपूरच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, हैदराबादला कॉम्प्युटर शिकून आलेला. पंचविशीतल्या माणसाचं नाव महिपत! मला मिश्या, काठी आणि पागोटं दिसायला लागलं.

"आजोबाचं नाव ठेवलं मले," तो म्हणाला. "हसून घ्या."

मी हसून घेतलं. कचेरीत मला सगळे ताई म्हणत. त्याने पहिल्या दिवसापासून मॅडम म्हटलं. ताई म्हटलं नाही, ही गोष्ट मी मनात नीट घडी घालून ठेवली.

काम असं होतं. कचेरीत राशनकार्डांची यादी होती. दवाखान्यात बाळंतिणींची आणि लेकरांची वेगळी यादी होती. दोन्ही याद्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. सरकारला त्या एकत्र हव्या होत्या, म्हणजे दवाखान्यातलं लेकरू आपोआप घरच्या कार्डावर चढेल आणि बाईला हेलपाटे पडणार नाहीत.

"दोन घरची माणसं आहेत," महिपतने मला समजावलं. "त्यांची सोयरीक लावायची."

"म्हणजे तुमी मध्यस्थ?"

"हो. अन् मध्यस्थाले दोन्हीकडून शिव्याच भेटतात."

दिवसभर मी याद्या मोठ्याने वाचायची आणि तो टाइप करायचा. वीज गेली की काम थांबे, मग आम्ही पायरीवर उन्हात चहा घेत बसायचो. तो बशीत ओतून फुंकर घालत पिई. हैदराबादला राहूनही बशी सुटली नव्हती, हे मला फार आवडलं.

एके दुपारी याद्या जुळवायचा प्रोग्राम चालला. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव, तिन्ही जुळलं की माणूस एकच. प्रिंटर करकरायला लागला आणि न जुळलेल्या नावांचा कागद टेबलावरून खाली, खुर्चीखालून दारापर्यंत गेला. हेडक्लार्क भगवानराव चष्मा चढवून आले, वाचलं आणि गरजले.

"अरे, मंडलातल्या निम्म्या गड्यांच्या दोन-दोन बायका! एक या गावात, एक त्या गावात! दोनीकडून राशन खाऊन राह्यले बदमाश! साहेबाचा हुकूम हाय, जे जुळत नाही ते फौरन खारीज. दुसऱ्या बायका काटा, अन् तिच्या नावावरची लेकरंबी काटा."

महिपतचा चेहरा उतरला. "सारेच गडी असे कसे असतीन?" तो पुटपुटला.

मी कागद उचलून वाचत गेले, आणि माझ्या भावाचं नाव आलं. यशवंतराव. बायको पहिली, शालिनी, आमच्या गावची. बायको दुसरी, बेबी, नेरडीगोंड्याकडच्या खेड्यातली, पदरात एक मुलगी. माझा भाऊ! जो एका बायकोला घाबरून ओट्यावर बिडी ओढतो!

मी इतकी हसले की खुर्चीत बसावं लागलं. शालिनी माझी वहिनीच. लग्नाआधी ती बेबी होती. आमच्यात नवरीचं नाव लग्नात बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. आणि पहिलं बाळंतपण माहेरी. तिथे नर्सबाईला गावातल्यांनी सांगितलं असणार, बेबी बाळंत झाली. दवाखान्यात बेबी राहिली, कार्डावर शालिनी चढली.

महिपत डोकं धरून बसला. "मले हे माईत होतं," तो म्हणाला. "माह्या बहिणीचंबी नाव बदललं. बुंदी वाढली म्या त्या लग्नात! तरी प्रोग्राम लिहिताना डोक्यात नाही आलं."

"मीबी तर सारा आठवडा वाचून राह्यली," मी म्हटलं. "मले तरी कुठं समजलं?"

त्याने यादीत एक नवा रकाना टाकला, माहेरचं नाव. पण तो भरणार कोण? कुठल्याच कचेरीत ते लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी संक्रांतीचा आठवडा संपेपर्यंत मुदत दिली. नंतर खारीज. मग दवाखान्यातल्या नर्स लक्ष्मीबाई, महिपत आणि मी, असे तिघे गावोगाव निघालो.

काय सांगू ते दिवस! सकाळी शेकोट्यांचा धूर, ज्वारीच्या ताटांवर दव, आणि आम्ही दारोदार विचारत फिरायचो, "बाई, माहेरचं नाव काय तुमचं?"

आधी बाया लाजायच्या. पदर तोंडात धरायच्या. मग इकडेतिकडे बघून सांगायच्या, आणि सांगता सांगता चेहरा पोरीसारखा व्हायचा. नातवंडं असलेल्या कुसुमबाईने "माह्यं... मैना" म्हटलं आणि स्वतःच खुदकन हसली. म्हातारा नवरा खाटेवरून म्हणाला, "मैना? हे आपल्याले माईतच नव्हतं!" ती म्हणाली, "पुसलं असतं तर सांगितलं असतं."

महिपत लिहीत असायचा, पण त्याचं लक्ष कधीकधी माझ्याकडे असायचं. मी वळले की तो वहीत डोकं घाली. लक्ष्मीबाई वाटेत बोरीखाली टेकायच्या आणि मुद्दाम डोळे मिटायच्या. त्याने बोरं वेचून रुमालात धरली, त्यातली गोड कुठली हे चाखून पाहिलं आणि चाखलेलीच माझ्यापुढे केली. मग चूक कळून ओशाळला. मी एक उचलून खाल्लं.

"गोड आहे," मी म्हटलं.

मला तो आवडायला लागला होता. लागला होता कसला, केव्हाच आवडला होता. आणि नेमकी तेव्हाच किनवटहून सोयरीक आली.

कापडाचं दुकान, एकुलता एक मुलगा, चांगली माणसं. बाबा खूश होते. संक्रांतीनंतरच्या रविवारी ते बोलणी पक्की करायला येणार होते. फक्त एक गोष्ट त्यांनी आधीच सांगून ठेवली. त्यांच्याकडे सासूचंच नाव चंद्रकला, माझंही तेच, तेव्हा सून सुरेखा होणार. आई म्हणाली, "मग काय झालं? माह्यंबी बदललंच की."

खरंच, काय झालं? महिनाभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण आता माझ्या कानात त्या सगळ्या मैना, बेबी आणि सोनी होत्या. मला सुरेखा व्हायचं नव्हतं. आणि मला किनवटला जायचं नव्हतं. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी महिपतला सांगितलं. सगळं, रविवारसकट.

तो पेन्सिलीला टोक करत होता. करतच राहिला. "चांगलं... चांगलं आहे," तो म्हणाला. "किनवटले बाजारपेठ मोठी आहे."

बाजारपेठ! मला ती पेन्सिल त्याच्या डोक्यात मारावीशी वाटली. "हो," मी म्हटलं. "बांगड्या स्वस्त भेटतात म्हणे." दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

संक्रांत झाली. शेवटचं एक गाव राहिलं होतं, तिथेच त्याची बहीण रेणुका दिलेली होती. तिच्या बाळाचं बोरन्हाण होतं, गावातल्या सगळ्या बाया एकाच अंगणात भेटणार होत्या. लक्ष्मीबाई म्हणाल्या, एका फेरीत काम होईल. गावाच्या वेशीवर महिपत एकदम थांबला.

"माही आईबी आली आहे तिथं. अन्... मॅडम, एक सांगू का? साऱ्या मंडलातल्या बायांची नावं लिहिली म्या. आईचं माहेरचं नाव मले माईत नाही."

मी रागावलेली होते, तरी माझा राग जरा वितळला.

अंगणात बाळ पाटावर बसलं होतं. बायांनी त्याच्या डोक्यावर बोरं, मुरमुरे आणि हलव्याचे दाणे ओतले, पोरं झडप घालून वेचायला धावली. मग हळदीकुंकू झालं आणि उखाणे सुरू झाले. एकेकीने नवऱ्याचं नाव घेतलं, आणि त्यानंतर मी प्रत्येकीला तिचं नाव विचारलं. महिपत दाराशी उभा राहून लिहीत होता. शेवटी खांबाला टेकून बसलेल्या बाईपाशी मी गेले. कपाळावर मोठं कुंकू, आणि महिपतसारखेच झोपाळू डोळे.

"तुमचं नाव इथल्या यादीत नाही, मावशी," मी म्हटलं. "तरी पुसते. माहेरचं नाव काय?"

"मले भागाबाई म्हणतात."

"ते सासरचं."

ती हातातला तिळाचा लाडू फिरवत राहिली. "आईबाप गेले," ती म्हणाली. "भाऊ अक्काच म्हणते. कोण घेते आता ते नाव..." मग तिने मान वर केली. "गोदावरी. गोदावरी होतं माह्यं."

महिपतच्या हातातली पेन्सिल थांबली. "आई, तू मले कधी सांगितलं नाही."

"तू कधी पुसलं?"

तिने डोळे पुसले, आणि मग माझा हात धरून मला जवळ बसवलं. "अन् पोरी, तुह्यं नाव?"

"चंद्रकला."

"आता कायची चंद्रकला!" बयनाबाई मध्येच म्हणाली. तिचं माहेर आमच्याच गावात, तिला आमच्या घरची सगळी खबर असायची. "किनवटले जमलं हिचं. रविवारी पक्कं. सुरेखा होऊन राह्यली ते."

गोदावरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुले पाहिजे का सुरेखा?"

मला हे कुणीच विचारलं नव्हतं. आईने नाही, बाबांनी नाही. उत्तर जिभेवर होतं, आणि माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

"नाही," मी म्हटलं. "नावबी नाही पाहिजे, किनवटबी नाही पाहिजे."

बायांनी तोंडाला पदर लावले. लक्ष्मीबाईंनी खुशाल वर आभाळाकडे पाहिलं. इतकं बोलून झाल्यावर आता माझ्याजवळ बोलायचं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते त्याचं.

महिपत दारातून पुढे आला. पायाखाली मुरमुरे कुरकुर वाजत होते. कान लालबुंद, आवाज चिरकलेला.

"आई... किनवटचे लोक रविवारी येऊन राह्यले."

"मंग?"

"मंग आपण... म्हणजे तू, बाबा अन् मी... शनिवारी पांडुरंगरावाकडे गेलो तर... चालन का?"

आई हसली. "चालन का ते मले काऊन पुसतं? जिले पुसायचं तिले पूस. अन् नाव घेऊन पूस, मॅडम-फॅडम नाही."

तो माझ्याकडे वळला. महिनाभर शेजारी बसून त्याने माझं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

"चंद्रकला," तो म्हणाला. "शनिवारी येऊ का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते बायांना दिसू देईन तर मी कसली.

"शनिवारी बाबाचा बाजार असते," मी म्हटलं. "शुक्रवारी या."