सैल झालेली रॅम

दुकानाच्या काउंटरवर तिने तो मायक्रोफोन अशा आवेशात ठेवला, की जणू एखाद्या अपराध्यास न्यायासनापुढे उभे केले आहे.

“हा बदलून द्या. फार घरघरतो.”

काउंटरपलीकडे एक तरुण उघड्या कॉम्प्युटरमधली धूळ ब्रशने झाडीत बसला होता. त्याने मान वर केली, परंतु मायक्रोफोनला हात लावला नाही.

“ऐकवता?” एवढेच तो म्हणाला.

तिने मोबाईलवर आपल्याच आवाजातला एक धडा लावला. धडा मातीच्या थरांविषयी होता. तिचा आवाज शांत, स्वच्छ, जणू कोणी तांदूळ निवडावेत तसा एकेक शब्द वेगळा करणारा; आणि त्यामागे अखंड चाललेली ती घरघर. तरुणाने डोळे मिटले. घरघर ओळखण्यास त्याच्यासारख्या कारागिरास क्षणही पुरेसा होता. तरीही धडा संपेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

“माइक बिचारा निर्दोष आहे,” तो म्हणाला. “तुमच्या कॉम्प्युटरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.”

“हे तर पहिल्या वाक्यालाच कळलं असेल. मग एवढा वेळ काय ऐकत होतात?”

तो गोंधळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“सगळ्यात खालच्या थरात काय असतं… ते राहिलं होतं.”

आतल्या खोलीतून दुकानाच्या मालकांचा, म्हणजे त्याच्या मामांचा, खणखणीत आवाज आला. “अरे मौनीबाबा, आज चक्क एवढी वाक्यं? ताप-बिप नाही ना आला?”

ती हसली. तेच तिचे हसणे त्या तरुणाच्या अंतःकरणात कसे रुतून बसले, हे त्याने पुष्कळ दिवस कोणास सांगितले नाही.

तिचे काम असे होते. दृष्टी नसलेल्या मुलांच्या शाळेसाठी ती पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करीत असे. मुले ती ऐकत आणि त्यावरच परीक्षा देत. शाळेतील मुले तिला ‘वाचनताई’ म्हणत. थोरल्या भावाच्या घरातील एका कोपऱ्यातल्या खोलीत, भिंतींना जुन्या चादरी टांगून, तिने आपले ध्वनिमुद्रणालय थाटले होते. कॉम्प्युटर शाळेचाच होता, वयाने थकलेला.

दुसऱ्या दिवशी मौनीबाबा त्या खोलीत आला. आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग प्लग उपटून बाजूला ठेवला, आणि तेव्हाच पेटीचे झाकण उघडले.

“अगं बाई! आत एवढा संसार?” तिने वाकून पाहिले. “मला वाटायचं, पडद्यातच सगळं असतं.”

“पडदा नुसता चेहरा.” त्याने बोटाने दाखवले. “ही मोठी हिरवी पाटी मदरबोर्ड. बाकी सगळे हिच्यावरच बसतात. हिच्यामार्फतच एकमेकांशी बोलतात.”

“म्हणजे आमची वहिनी!” ती म्हणाली. “दादाला मला काही सांगायचं असलं तरी वहिनीमार्फतच येतं.”

दारातून वहिनी म्हणाली, “ऐकतेय हं मी!”

“आणि हा पंख्याखाली लपलेला कोण?”

“प्रोसेसर. सगळा हिशेब, सगळा विचार हाच करतो. विचार करून करून तापतो, म्हणून डोक्यावर पंखा.”

“बरंय बाई. आमच्याकडे तापलेल्या डोक्यावर कोणी पंखा धरत नाही. आणि ही उभी पट्टी?”

“रॅम. चालू कामापुरतं हिच्यात राहतं. वीज गेली की सगळं विसरते.”

ती त्या पट्टीवर आणखी वाकली. “मी वाचते ना, तेव्हा तोंडात एक शब्द असतो आणि डोळ्यांनी पुढचं वाक्य धरून ठेवलेलं असतं. श्वास सुटला की ते वाक्यही जातं. तशीच ना ही?”

मौनीबाबा चकित झाला. इतकी वर्षे तो रॅम विकत होता, परंतु असे त्यास कधी सुचले नव्हते.

“अगदी तशीच… आणि ही डबी हार्ड डिस्क. इथे सगळं साठून राहतं. हे पाठ झालेलं. वीज जावो, येवो, विसरत नाही.”

“आणि हा मागचा लोखंडी डबा?”

“पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज अंगावर घेतो आणि प्रत्येकाला सोसेल तेवढीच वाटून देतो. रॅम नीट बसलेली नसली, तर यंत्र पीं-पीं ओरडतं. घाबरायचं नाही. दाबून बसवली की झालं.”

शेवटचे हे ज्ञान देऊन त्याने केवढी आपत्ती ओढवून घेतली, याची त्या भोळ्या जीवास काय कल्पना!

नवा पंखा बसला. खोलीत अशी शांतता पसरली, की भिंतीवरल्या चादरीही जणू कान देऊन उभ्या राहिल्या. “वाचून बघा,” तो म्हणाला. ती वाचू लागली. आपला श्वास मुद्रित होऊ नये म्हणून तो श्वास रोखून बसला आणि तिच्या पापण्यांकडे पाहत राहिला. इतक्यात पत्र्यावर पावसाची सर कोसळली. वाचन थांबवावे लागले.

“आता हा थांबेपर्यंत काही करता येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला घाई आहे?”

“नाही,” तो म्हणाला. दुकानात त्याची तीन गिऱ्हाइके खोळंबली होती.

पावसाने मोठी माया केली. बराच वेळ थांबला नाही.

तथापि, नीट झालेले यंत्र हे प्रेमाचे वैरी होय. मौनीबाबास पुन्हा त्या घरी जाण्यास निमित्त उरले नाही, आणि तिला त्यास बोलावण्यास. पुढचा आठवडा उलटतो न उलटतो, तोच वाचनताईचा कॉम्प्युटर पीं-पीं ओरडू लागला. रॅम सैल झाली होती. ती कशी झाली हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. प्लग उपटून, झाकण उघडून, तिने ती पट्टी हलकेच वर उचलली होती.

तो आला. पट्टी दाबून बसवली. चहा झाला. पुढच्या पंधरवड्यात रॅम पुन्हा सैल झाली. नंतर पुन्हा.

“तुझी रॅम भलतीच चंचल आहे गं,” वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाली. “दादाला सांगून खिळा ठोकून घेऊ का?”

“वहिनी!”

“मी आपलं यंत्राचं म्हणतेय. तू का लाजतेस?”

असे दिवस गेले आणि परीक्षा तोंडावर आली. शेवटच्या पुस्तकाचे शेवटचे पान तिने वाचून संपवले. मागच्या अनेक महिन्यांचे सारे वाचन त्या एका डिस्कमध्ये होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे गुरुजी येऊन त्याची प्रत नेणार होते. काम पुरे झाल्याचा आनंद तिला सर्वांआधी एकाच माणसाला सांगायचा होता. तिने नेहमीप्रमाणे पट्टी वर उचलली, यंत्र ओरडते आहे याची खात्री केली आणि दुकानाच्या मोबाईलवर फोन लावला.

फोन मामांनी उचलला. “तो बाहेर गेलाय कामावर. काळजी करू नकोस पोरी, मीच येतो. तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे.”

तिच्या पायांखालची जमीन सरकली. चोराच्या मनात चांदणे! मामांची नजर म्हणजे ससाण्याची. झाकण उघडताच त्यांना सारे कळेल. तिने धावत जाऊन पट्टी उलटसुलट धरली, बळेच खोबणीत दाबली. प्लग भिंतीतच होता. एक निळसर ठिणगी उडाली. जळका, उग्र वास खोलीभर पसरला. आणि मग… यंत्र ओरडलेसुद्धा नाही. करायला गेली एक अन् झाले भलतेच!

मामा आत आले, नाक वर करून त्यांनी वास घेतला. “काय झालं गं?”

“आपोआप… आपोआप झालं.”

“हं. आपोआप.” मामांनी पेटी बगलेत मारली. “चल दुकानात. आतलं वाचन राहिलं की गेलं, ते भाचाच सांगेल.”

वाटेत ती मनाशी हिशेब करीत राहिली. तेवढे सगळे पुन्हा वाचायचे म्हटले, तर परीक्षा होऊन गेली असती. ज्या मुलांनी तिच्या आवाजावर भिस्त ठेवली होती, त्यांच्या हाती काही उरले नसते. आणि हे सर्व का? तर तिला एका माणसाला चहा पाजायचा होता म्हणून!

मौनीबाबा नुकताच परतला होता. “घे, तुझं नेहमीचं गिऱ्हाईक,” मामा म्हणाले. “आज मात्र खरंच आजारी.”

त्याने झाकण उघडले, वास घेतला. त्याचा चेहरा गंभीर झाला.

“एक विचारू? नीट आठवून सांगा. हे जळण्याआधी नेमकं काय झालं?”

“ते… तसं काही नाही.”

“मला खरं कळायला हवं.” त्याचा स्वर मृदू होता, परंतु त्यात माघार नव्हती. “पॉवर सप्लायनं जादा वीज सोडली असेल, तर डिस्कही भाजली असेल. मग घाईनं जोडली तर उरलंसुरलंही जाईल. तिला तशीच मोठ्या कारखान्यात पाठवावी लागेल आणि परीक्षेपर्यंत ती काही परत येणार नाही. दुसरं काही झालं असेल, तर आत्ता इथेच जोडून बघतो. म्हणून विचारतोय.”

मामांस अकस्मात चहा करण्याची आठवण झाली. ते आत गेले.

तिने काउंटरची कड घट्ट धरली. खरे सांगावे, तर हा मनुष्य आपल्याविषयी काय म्हणेल? लबाड, निर्लज्ज, थिल्लर… पुन्हा तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि न सांगावे, तर मुलांचे वर्ष जाईल. तिच्या डोळ्यांत पाणी तरळले. पण आवाज, तो वाचनाचाच आवाज, एकेक शब्द वेगळा करीत बाहेर आला.

“पॉवर सप्लायनं काही केलं नाही. मी केलं. रॅम मी काढली होती. आज मामा येतायत म्हणून घाईनं परत बसवायला गेले. प्लग काढला नाही. उलटी बसवली असेल. आणि… आजच नाही. दर वेळी मीच काढत होते. तुम्ही यावं म्हणून.”

त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. खोबणीत टॉर्च मारून तो पुटपुटला, “खोबणीपाशीच काळं झालंय.” डिस्क सोडवली, दुकानातल्या यंत्राला जोडली, बटण दाबले. लहानसा दिवा लुकलुकू लागला… लुकलुकत राहिला… तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि मिटल्या डोळ्यांनीच तिने ऐकले: “नदी वळण घेते तेथे आतल्या बाजूस गाळ साचतो आणि बाहेरच्या बाजूस काठ झिजतो.”

तो तिचाच आवाज होता! शाबूत, स्वच्छ! तिचा जीव भांड्यात पडला. ती शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. रडत होती की हसत होती, हे तिचे तिलाच कळेना.

“सगळं आहे,” तो म्हणाला. “एकेक धडा. रॅम गेली, मदरबोर्ड गेला. ते दुसरे मिळतात. आता आधी प्रत काढतो.” प्रत निघू लागली. मग त्याने घसा खाकरला. “आणि ते… मला माहीत होतं.”

“काय?”

“रॅम आपोआप सैल होत नसते. दोन्ही टोकांना खटके असतात. बोटांनी उघडल्याशिवाय ती जागची हलत नाही. पहिल्याच वेळी दोन्ही खटके उघडे होते.”

ती ताडकन उठली. “आणि तुम्ही गप्प बसलात? इतके दिवस? मी इथे शरमेनं अर्धी मेले!”

“बोललो असतो,” तो खाली मान घालून म्हणाला, “तर तुम्ही काढायची थांबला असता.”

आतून कपबशांचा आवाज आला आणि पाठोपाठ मामांचा. “चोरावर मोर! अरे, मग दर वेळी ‘साधीच तक्रार आहे मामा, पण वेळ लागेल’ हे काय होतं रे?”

दोघांनी एकदमच हसू दाबण्याचा यत्न केला, आणि दोघांचाही तो फसला.

“मग…” मौनीबाबा थांबला. पुढचे शब्द त्याने मनात केवढ्या कष्टाने जुळवले असतील, हे त्याच्या कपाळावरील घामच सांगत होता. “मग आता नवी रॅम बसवल्यावर… काहीच बिघडलेलं नसताना… मी आलो तर चालेल?”

तिने डोळे पुसले. “रविवारी या. दादा घरी असतो. वहिनीला मी सांगून ठेवते. तसंही तिला सगळं माहीत आहे. फक्त येताना हत्यारं आणू नका.”

“मग हातांचं काय करू?” त्याने खरोखरच काळजीने विचारले.

“ते,” ती त्याच्या हातांकडे पाहत हळूच म्हणाली, “मी सांगेन.”